बोंडकिड्याची शेजारीण

मिस इमोजीन प्रॅथर ही आमच्या टिपरेल गावातली सर्वांत भाविक बाई. रविवारी सकाळी ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर असायची आणि शनिवारी सकाळी चॅनेल नऊच्या स्टुडिओत पहिल्या रांगेत. श्रद्धा दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की चर्चमध्ये सैतानाची नुसती वर्णनं ऐकावी लागायची, स्टुडिओत तो हाताशी सापडायचा. मग ती त्याला टोचायची.

टोचायची म्हणजे अगदी खरोखर. पूर्वी बायका हॅट केसांत पक्की बसवायला वीतभर लांब पिन लावत, तसली पिन तिच्याकडे होती. हॅटची फॅशन जाऊन जमाना लोटला होता, पण शनिवारी मिस इमोजीन हॅट घालायची ती त्या पिनेला घराबाहेर काढायला निमित्त हवं म्हणून. दुष्ट पैलवान तिच्या खुर्चीजवळून गेला की पिन बाहेर यायची, दुष्टाच्या मागच्या बाजूला जायची आणि पुन्हा हॅटमध्ये. चेहऱ्यावर भाव असा की बाई मनातल्या मनात प्रार्थना म्हणतेय.

ती ज्याला टोचायची तो माझा नवरा होता.

त्या काळी प्रत्येक मुलखाची आपापली कुस्ती असे. टेनेसीतल्या आमच्या कोपऱ्याचे मालक मिस्टर हॉबर्ट क्रम. शनिवारी टीव्हीवर फुकट कुस्ती दाखवायची, ती नेमकी अशा जागी तोडायची की माणसाच्या जिवाला घोर लागावा, आणि पुढची सोमवारी गावच्या सभागृहात तिकीट लावून दाखवायची, एवढाच धंदा. निवेदन करायला व्हर्नन टीग. हाच माणूस आठवडाभर संध्याकाळी हवामान सांगायचा. शनिवारी हवामानाचा नकाशा भिंतीकडे तोंड करून ठेवत, पण व्हर्ननचा कोट तोच असायचा. उद्या पाऊस आहे असं त्यानं सांगितलं की लोक निवांत कपडे वाळत घालत. पण बडी लॅशची बरगडी मोडली असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बरगडीसाठी प्रार्थना व्हायची.

बडी लॅश आमच्याकडचा सज्जन पैलवान. दात पांढरे, केस पिवळे, आईचं नाव घेतल्याशिवाय एक वाक्य बोलायचा नाही. आणि माझा नवरा डॉयल सॅटरफील्ड हा मुखवटा घालून बोंडकिडा व्हायचा. आमचा सगळा मुलूख कापसाचा. ज्या किड्यानं इथल्या लोकांच्या आज्यांना देशोधडीला लावलं, त्याचंच नाव मिस्टर क्रमनी उचललं. राखाडी मुखवटा, त्याला पुढे वीतभर सोंड. ती सोंड मी शिवली होती आणि आत कापूसच भरला होता. डॉयल ती डोलवत रिंगमध्ये शिरला की म्हातारे शेतकरी उभे राहून थुंकायचे.

धंद्याचा नियम कडक होता. दुष्टानं गावातही दुष्टासारखं वागायचं, सज्जनानं सज्जनासारखं, आणि मुखवटेवाल्यानं गावात असायचंच नाही. डॉयल आणि बडी लॅश विशीपासूनचे मित्र, पण दोघांनी एका हॉटेलात कॉफी घेतलेली कुणी पाहिली असती तर संध्याकाळपर्यंत दोघंही बेकार झाले असते. शेजारपाजारी आम्ही सांगितलं होतं की डॉयल फिरून टायर विकतो. त्याचे कान कोबीच्या गड्ड्यासारखे झाले होते, ते लहानपणी खेचरानं लाथ मारली म्हणून. दोन्ही कानांवर कशी मारली, असं एकदा कुणीतरी विचारलं. डॉयल म्हणाला, "खेचर चिकाटीचं होतं."

मुखवटे धुणं माझ्याकडे. दोरीवर वाळत घालायची सोय नाही, म्हणून मी ते ओव्हनमध्ये ठेवायचे. एकदा विसरून ओव्हन पेटवला. त्या शनिवारी बोंडकिडा सोंडेविना आला आणि व्हर्ननला सांगावं लागलं की सोंड बडीनं उपटली. मिस इमोजीननं बडीसाठी खास खोबऱ्याचा केक केला.

मिस इमोजीन आमची लागून शेजारीण, हे अजून सांगायचं राहिलंच. शाळेच्या स्वयंपाकघरात डाव हातात धरून तिची हयात गेली. अर्ध्या गावाला तिनं जेवू घातलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला पानात टाकलं म्हणून झापलं होतं. लग्न केलं नाही. एकदा ठरलं होतं म्हणे, पण मुलगा जेवताना सहज बोलून गेला की कुस्ती सगळी लुटुपुटूची असते. इमोजीननं बोटातली अंगठी काढून त्याच्या सुपात सोडली आणि घरी निघून आली.

अशा बाईच्या शेजारी आम्ही बिऱ्हाड केलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचं गाडीच्या टपावर. पैलवान एका मुलखात वर्षभर चालतो, मग लोकांना त्याचा कंटाळा येतो आणि मालक त्याला दुसऱ्या मुलखात धाडतो. मी अलाबामात पडदे शिवले आणि जॉर्जियात ते आखूड झाले. टिपरेल मात्र मला आवडलं. तिथं मला केस कापायच्या दुकानात काम मिळालं होतं, आणि पहिल्यांदाच मला लोक 'ती नवी बाई' न म्हणता नेल्डा म्हणायला लागले होते. मला तिथून हलायचं नव्हतं, आणि हे मी डॉयलला उठता बसता ऐकवत होते.

"नेल्डा, पोरी, शनिवारी चल माझ्याबरोबर," मिस इमोजीन कुंपणावरून म्हणाली.

"मला नाही हो आवडत मारामारी."

"मारामारी कुठली? चांगल्यावाईटाचा झगडा आहे तो. टायर विकणाऱ्याची बायको तू, शनिवारभर एकटी घरात बसून काय करतेस?"

दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा टाळलं असतं तर संशय आला असता. गेले. तिनं मला स्वतःशेजारी बसवलं. बोंडकिडा आला, सगळे हुर्यो उडवायला लागले, मीही उडवली. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा जीभ अडखळली, पण आदल्या रात्री डॉयलनं ओले टॉवेल माझ्या नव्या सोफ्यावर टाकले होते, ते आठवलं आणि मग आवाज चांगला लागला. मिस इमोजीन खूश झाली.

"पोरीचा गळा आहे!" ती मागच्या रांगेला म्हणाली. आणि तेवढ्यात तिनं पिन काढून माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नवऱ्याला टोचली.

घरी आल्यावर मी टिंक्चर लावायचे आणि डॉयल उशीत तोंड खुपसून बोंबलायचा. "बाईला जरा सांग ना, डाव्या बाजूला टोच म्हणून! उजवीकडे जागा उरली नाही."

रविवारी चर्चनंतर आम्ही तिच्या ओसरीवर बसायचो. डॉयल तिची पन्हळ साफ करून द्यायचा, ती त्याला तळलेल्या पीचच्या करंज्या खायला घालायची. एका रविवारी तो कुल्ल्याखाली उशी घेऊन बसला.

"काय झालं रे बाळा?"

"गळू झालंय, मिस इमोजीन."

"अरे देवा! टायरच्या गाडीत तासन्‌तास बसून होणार नाही तर काय!" ती तडक आत गेली आणि दुधात भिजवलेल्या पावाचं गरम पोटीस करून आली. स्वतःच केलेल्या जखमेवर इतक्या मायेनं औषध करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पोटीसानं गुणही आला.

बोंडकिड्याबद्दल तिचा राग टोकाला गेला तो केकमुळे. पहिल्या रांगेतल्या बायका बडीसाठी घरून केक, बिस्किटं, काय काय आणायच्या. मिस्टर क्रमनी डॉयलला सांगितलं, बडी केक घेत असताना मागून जायचं आणि केक त्याच्या डोक्यावर पालथा घालायचा. केक नेमका इमोजीनचा, खोबऱ्याचा, चार थरांचा. डॉयलनं हुकूम पाळला. घरी येऊन म्हणाला, "नेल्डा, आज पहिल्यांदा मला या धंद्याची लाज वाटली. एक घास तरी बाजूला काढायचा होता." मिस इमोजीन त्या दिवशी बोंडकिड्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुला मी मरेपर्यंत विसरणार नाही." व्हर्ननचा माइक जवळच होता, त्यामुळे ते सगळ्या मुलखानं ऐकलं.

वर्ष संपत आलं आणि मिस्टर क्रम आमच्या घरी मागच्या दारानं आले.

"बोंडकिडा शिळा झाला, डॉयल," ते म्हणाले. "आता दोनच वाटा. एक तर ओक्लाहोमाला जा, तिथल्या मालकाला मुखवटेवाला हवाय. नाही तर इथंच सज्जन हो."

"सज्जन होतो," मी म्हणाले. डॉयलच्या आधी.

"तुम्ही नव्हे हो, बाई. तो. आणि ते त्याच्या हातात नाही." मिस्टर क्रमनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. "तिनं टाळी वाजवली की गाव वाजवतं. तिनं तोंड फिरवलं की संपलं."

बेत असा ठरला. शनिवारी तीन दुष्ट मिळून बडीला तुडवणार. बोंडकिडा धावत येणार, लोकांना वाटणार हाही तुडवायला आला, पण तो बडीला सोडवणार, मुखवटा उपटून फेकणार आणि माइकवर म्हणणार, हो, मीच तो पापी, चुकलो, मला माफ करा. आमच्या मुलखात माफी मागणाऱ्या पाप्यावर लोकांचा फार जीव. बेतात खोट काढायला जागा नव्हती. फक्त मुखवट्याखालचा चेहरा पहिल्या रांगेतल्या बाईच्या शेजाऱ्याचा होता, आणि ते तिला आधी सांगायची परवानगी नव्हती.

त्या शनिवारी माझ्या पाचावर धारण बसली होती. मिस इमोजीन मात्र मजेत. बोंडकिडा तिच्या शेजारून धावला तेव्हा तिनं सवयीनं पिनेचं काम उरकून घेतलं. मग तो रिंगमध्ये चढला आणि बडीला सोडून भलत्यांनाच बदडायला लागला. तिन्ही दुष्ट पळाले. डॉयलनं मुखवटा उपटला.

घामानं भिजलेले केस, कोबीचे कान. माझा नवरा दिव्यांच्या उजेडात डोळे मिचकावत उभा होता. लोक त्याच्याकडे बघत नव्हते, मिस इमोजीनकडे बघत होते.

ती उठली. तोंडाचा आ वासलेला. मग सगळ्या मुलखाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "हा तो नाही!"

व्हर्नन गोंधळला. "कोण नाही, मिस इमोजीन?"

"हा बोंडकिडा नाही! हा डॉयल आहे, आमच्या शेजारचा! टायर विकतो बिचारा! त्या नीच किड्यानं याला पकडून आपला मुखवटा याच्या तोंडावर चढवलाय! अंगानं सारखा आहे ना, म्हणून! खरा कुठे आहे? त्याला बाहेर काढा!"

तुम्हाला हसू येईल. पण आमच्या कार्यक्रमात दर दोन महिन्यांनी कुणीतरी कुणाचा तरी मुखवटा चोरायचा, कुणाला तरी ट्रंकेत कोंडायचा, कुणाचा तरी जुळा भाऊ निघायचा. मिस्टर क्रमनीच लोकांना हे शिकवलं होतं. मिस इमोजीन शिकली होती, इतकंच. आणि डॉयल तिच्या माहितीचा होता. जो माणूस शिडीवर चढून तुमची पन्हळ साफ करतो, तो खोबऱ्याचा केक पालथा घालूच शकत नाही. हिशोब सरळ होता. मागचे लोकही माना डोलवायला लागले. "बरोबर आहे. टायरवालाच आहे तो."

व्हर्ननला पडद्यामागून मिस्टर क्रम हातवारे करून सांगत होते की ठरलेलं बोलायला लावा. त्यानं माइक डॉयलपुढे धरला. "डॉयल, खरं सांगा. तुम्हीच बोंडकिडा ना?"

हो म्हण, मी मनात म्हणत होते. हो म्हण आणि माफी माग, म्हणजे आपण इथंच राहू. डॉयलनं मिस इमोजीनकडे पाहिलं. ती उभीच होती, हॅट तिरकी झालेली, त्याच्यासाठी लढायला तयार.

"मिस इमोजीन बरोबर बोलतायत," डॉयल म्हणाला. "मी नाही तो."

व्हर्नननं घाईघाईनं सोफ्यांची जाहिरात लावली.

पडद्यामागे मिस्टर क्रम लालबुंद झाले होते. मी दाराशी उभी राहून ऐकलं. "वर्षभर पोसलेला दुष्ट एका वाक्यात घालवलास! आता माफी कोण मागणार? मी? सोमवारी तुझ्या दुसऱ्या मुखवट्यात केंटकीहून कुणीतरी बोलावून घालतो, तू त्याच्याशी लढ. लोकांनी तुला डोक्यावर घेतलं तर राहा. नाही तर मंगळवारी ओक्लाहोमा."

गाडीत मी तोंड सोडलं. "दोन अक्षरं बोलायची होती, हो आणि चुकलो! तेवढंही जमलं नाही तुला? शेजारणीसाठी बायकोला पुन्हा खोकी भरायला लावणार?"

"अगं, ती उभी राहिली होती."

"मग? बसली असती!"

"सगळा मुलूख बघत होता, नेल्डा. मी हो म्हटलं असतं तर सोमवारी शाळेतली पोरं ताटं घेऊन तिच्यासमोर रांगेत उभी राहिली असती आणि दात काढून हसली असती. पुढच्या सोमवारी पण. तिला रोज तिथं जावं लागतं."

ते खरं होतं. पण राग गेला नव्हता. घरी येऊन मी जिन्याखालची खोकी बाहेर काढून ठेवली, त्याला दिसतील अशी.

संध्याकाळी मिस इमोजीन कोंबडीच्या रश्शातल्या उंड्यांचं भलंमोठं पातेलं घेऊन आली. पातेलं ठेवलं आणि पहिल्यांदा डॉयलला झापून घेतलं. रस्त्यात कुणी मुखवटेवाला भेटला की सरळ गाडी पळवायची, टायरवाल्यानं या लोकांच्या नादी लागायचं नाही, वगैरे. मग तिनं पातेल्याचं झाकण उगाच पुन्हा बसवलं.

"डॉयल, बाळा, एक विचारू? आज तू येताना मी... तुला लागलं का रे?"

डॉयल म्हणाला, "जरासं."

ती मटकन खुर्चीत बसली आणि अॅप्रननं डोळे पुसत रडायला लागली. एका टोचणीसाठी! माझ्याकडे मोरीत टिंक्चरच्या रिकाम्या बाटल्यांची रांग होती. डॉयल गुडघ्यावर बसून तिचा हात थोपटत म्हणत होता, "अहो, मुंगी चावल्याएवढं. काही नाही झालं." आणि तो तसा बसला होता तेव्हा माझा राग उतरला. मला ते आवडलं नाही, पण उतरला.

लोक मला अजून विचारतात, तिला आतून ठाऊक होतं ना? तिनं मुद्दाम वाचवलं ना तुम्हाला? मला या प्रश्नाचा संताप येतो. नाही, तिला ठाऊक नव्हतं. बाई मनापासून फसली होती. शहाण्या माणसांना वाटतं की कुणी चांगलं वागलं तर त्याला आधी सगळं कळलेलं असलं पाहिजे. इमोजीनला डॉयल कसा माणूस आहे एवढं कळलं होतं, आणि त्यात ती चुकली नव्हती.

"सोमवारी मला त्याच्याशी लढायचंय, मिस इमोजीन," डॉयल म्हणाला.

"वेड लागलंय? तो मारेल तुला!"

"मारू दे. पण माझ्या तोंडावर मुखवटा चढवला त्यानं."

तिनं विचार केला. नाक पुसलं. "मग आधी जेव. नेल्डा, वाढ त्याला."

सोमवार आला. सभागृहाला दोन दारं. डावीकडून सज्जन येत, उजवीकडून दुष्ट. मी पहिल्या रांगेत मिस इमोजीनशेजारी. मागे वळून बघायचा मला धीर होत नव्हता, पण खुर्च्या ओढल्याचा आवाज थांबत नव्हता. शेवटी पाहिलं, तर भिंतीला टेकून लोक उभे होते. शेतकरी होते, शाळेची पोरं होती, बडीसाठी केक करणाऱ्या सगळ्या बायका होत्या. पण गर्दी बोंडकिड्याला बघायलाही आली असेल. मिस्टर क्रम पडद्याच्या फटीतून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

आधी उजव्या दारानं केंटकीवाला आला, सोंड डोलवत. त्याच्यावर जो हल्लकल्लोळ झाला तो विचारू नका. त्याचा जरा हेवाच वाटला मला.

मग डावं दार उघडलं. डॉयल आत आला. साधी काळी चड्डी, चेहरा उघडा. त्याला चालताच येईना. इतकी वर्षं लोकांच्या शिव्या अंगावर घेत चालण्याची सवय, आता हात कुठे ठेवावे कळेना, बघावं कुणाकडे कळेना. दाराशीच थबकला. सगळं सभागृह क्षणभर चूप. ओक्लाहोमा, मी मनात म्हटलं.

आणि तेवढ्यात मी काय केलं असेल? सवय हो, दुसरं काय. नवरा आखाड्यात उतरला की तोंड उघडायचं हे अंगात इतकं भिनलेलं की माझ्या तोंडून खणखणीत "हुर्योऽऽ" बाहेर पडली. त्या शांततेत एकटीची.

मिस इमोजीननं मला असं कोपरानं ढोसलं की दम कोंडला. "अगं नेल्डा! तो नवरा आहे ना तुझा!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं हसलं. मग सगळं सभागृह हसत सुटलं आणि हसता हसता टाळ्या सुरू झाल्या, पायही आपटायला लागले. डॉयलचा चेहरा सैल झाला. तो हसला, आणि लोकांनी त्याचा हसरा चेहरा आखाड्यात पहिल्यांदा पाहिला. त्या टाळ्यांत मिस्टर क्रम पडद्याआड गेले ते केंटकीवाल्याला डॉयलशी लढायला महिनाभर ठेवून घ्यायचं सांगायला.

पण हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी उभी होते आणि मला समजलं होतं की आता ओरडायला हरकत नाही. लग्न झाल्यापासून चार मुलखांत, इतक्या सभागृहांत, मी एकदाही त्याचं नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं.

"डॉयल!" मी ओरडले.

"काय पुटपुटतेस?" मिस इमोजीन टाळ्या वाजवत म्हणाली. "त्याला ऐकू जायला हवं."

"डॉऽऽयल!"

मुखवटेवाल्याला पहिल्या रांगेत बायको नसते, त्यामुळे इतक्या वर्षांत लढतीच्या वेळी त्यानं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तो थांबला, वळला आणि सगळ्यांसमोर त्यानं माझ्याकडे बघून हात वर केला.